१७ सप्टेंबरचं मराठवाडा विशेष शब्दकोडं: दोन ठिकाणी अक्षरं जुळेनात, मदत करा

गोदाकाठची (परभणी)

नमस्कार मंडळी, आज मुक्तिसंग्राम दिनाच्या अंकात मराठवाडा विशेष शब्दकोडं आलंय, वर बारीक अक्षरात लिहिलंय की बऱ्याच उत्तरांचा संबंध मराठवाड्याशी आहे. आमचे अण्णा गेली चाळीस वर्षं रोज न चुकता कोडं सोडवतात, पण मागच्या आठवड्यात त्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय आणि डॉक्टरांनी काही दिवस वाचायचं नाही म्हणून सांगितलंय, तर आता मी ओसरीवर बसून वाचायले आणि ते बाजेवर पडल्या पडल्या उत्तरं सांगायलेत. अख्खा तक्ता त्यांच्या डोक्यात बसलाय. मी एवढंच सांगायचं की चार घरं, दुसरं अक्षर ना, की त्यांचा अंगठा बोटाच्या पेरांवरून फिरायला लागतो, एकेका पेराला एक अक्षर, आणि शेवटच्या पेरावर शब्द संपला नाही तर मान हलवतात आणि दुसरा शब्द धरतात.

तर निम्म्याच्या वर भरलंय. मधला मोठा आडवा शब्द मुक्तिसंग्राम, पाच घरं. हैदराबाद आलं (१९५६ पर्यंत मराठवाडा ज्या राज्यात होता ते), एकाच खडकात कोरलेलं वेरूळचं लेणं कैलास आलं, पोलीस कारवाईचं नाव पोलो आलं, माळेगावच्या यात्रेचा देव खंडोबा आलं. अडलंय ते असं:

आडवा, परळीचे ज्योतिर्लिंग (४). आम्ही वैद्यनाथ लिहिलं, देवळात तसंच लिहिलेलं आहे. पण त्याच्या दुसऱ्या घरातून खाली जाणारा उभा शब्द आहे नामयाची दासी (४), म्हणजे जनाबाई, त्यात तर काही शंकाच नाही, आमचं आजोळच गंगाखेडचं. मग ज आणि द्य एका घरात कसे बसायचे?

दुसरं, आडवा, मुकुंदराजांचा ग्रंथ (५), विवेकसिंधु. त्याच्या शेवटच्या घरात हिंगोलीची नदी (३) येऊन संपते, कयाधू. एक धु ऱ्हस्व आणि एक धू दीर्घ. अण्णा म्हणायलेत जुन्या पुस्तकात सिंधु ऱ्हस्वच छापलेलं मी पाह्यलंय, कोडं करणाऱ्यानं चूक केली. अण्णा असं पटकन म्हणत नाहीत म्हणून विचारायले.

आणि दोन शब्द कोरे आहेत. ओतीव लोखंड (२) आणि लोणच्याचे फळ (३), मधलं अक्षर क. हे दोन्ही मराठवाड्याचे नसतीलच बहुतेक, पण सुचत नाहीत. उत्तर उद्याच्या अंकात येईलच, पण अण्णांना उद्याच्या अंकात बघायचं नसतं, त्यांना आजच पाहिजे असतं.

बालाघाटचा (अंबाजोगाई)

ताई ओतीव लोखंड म्हणजे बीड! बिडाचा तवा म्हणतो ना आपण, बिडाची कढई, तेच. म्हणजे हा शब्द मराठवाड्याचाच आहे, आमचा जिल्हाच की. कोडं करणाऱ्यानं जिल्हा न म्हणता धातू सांगितलाय, लई भारी.

आणि तसंच लोणच्याचं फळ म्हणजे भोकर, नांदेड जिल्ह्यातला तालुका. आमची आजी दरवर्षी भोकराचं लोणचं घालायची, हिरवी कच्ची भोकरं देठासकट आणायची, दगडानं हलकेच फोडायची आणि आतला चिकट गर बियांसकट काढायला बोटं मिठात बुडवायची, नाहीतर तो गर बोटांना असा धरतो की सुटता सुटत नाही. मग त्यात कैरीचा कीस आणि मोहरीची पूड. मला ते काम द्यायची म्हणून भोकर हा शब्द मी जन्मात विसरणार नाही.

वैद्यनाथाचं पण सांगतो, परळीच्या स्टेशनावर पाटी काय आहे बघा, परळी वैजनाथ. देऊळ वैद्यनाथाचं आणि गाव वैजनाथाचं. दोन्हीला चारच घरं लागतात, त्यामुळं नुसतं मोजून कळत नाही. जनाबाई पक्की असेल तर वैजनाथच.

गोदाकाठची

बीड!! अण्णा उठून बसले एकदम. म्हणे आपल्या घरात बिडाचा तवा आहे आणि मला सुचू नये. ड वरून खाली शाहिराच्या हातातले वाद्य (२) होतं, डफ, ते पण लगेच बसलं. भोकर पण बसलं. वैजनाथ केलं. पण मग असं लपवलेलं आणखी काही असेल का? आम्ही कृष्णाचा आवडता वृक्ष (३) याला कदंब लिहून मोकळे झालो होतो.

बालाघाटचा

कळंब! कदंबालाच कळंब म्हणतात, धाराशिव जिल्ह्यातलं कळंब. मधल्या घराला उभा शब्द आहे का बघा.

गोदाकाठची

मधल्या घरातून उभा शब्दच नाही, वरखाली काळी घरं आहेत. म्हणजे कदंब पण बसतो आणि कळंब पण. आता विषय मराठवाडा आहे म्हणून कळंब धरतो.

चौकटराजा (नांदेड)

ताई, मी एका छोट्या दैनिकासाठी बारा वर्षं शब्दकोडी केली, रोज एक आणि दिवाळीला मोठं, म्हणून जरा सविस्तर लिहितो, कारण तुमच्या अण्णांची शंका मनाला लागली. विषयाचं कोडं करताना आधी विषयाचे शब्द एका कागदावर लिहून काढायचे, त्यातला सगळ्यात लांब मध्यात टाकायचा आणि मग त्याच्या प्रत्येक अक्षरातून काय खाली सोडता येतं ते बघायचं. इथं मुक्तिसंग्राम मध्यात आहे, मु, क्ति, सं, ग्रा, म. यात सगळ्यात अवघड घर दुसरं, क्ति. इंग्रजी कोड्यात सव्वीस अक्षरांत सगळा खेळ असतो, आपल्याकडे क, का, कि, की, कु, कू, के हे प्रत्येक वेगळं घर आणि त्यात जोडाक्षर आलं की त्याचंही एकच घर, म्हणजे क्ति ला क्ति च पाहिजे, तिथं ति पण चालत नाही आणि क्ती पण चालत नाही. असे शब्द हाताच्या बोटावर मोजण्याएवढे, युक्तिवाद, भक्तिभाव, शक्तिपीठ असे. मी असतो तर शक्तिपीठच टाकलं असतं कारण तुळजापूर आणि माहूर दोन्ही आपल्या मराठवाड्यात. तुमच्या कोड्यात क्ति मधून खाली काय उतरलंय ते सांगा बरं.

बीड, भोकर, कळंब ही युक्ती मी पण वापरायचो. गावाचं नाव घ्यायचं आणि त्याचा दुसरा अर्थ विचारायचा. त्यानं काय होतं, सोडवणारा विषय विसरून जातो आणि शब्द भरला की मग त्याला दिसतं की अरे हे तर आपलं गाव. त्या क्षणासाठी माणूस तासन्तास चौकटी आखत बसतो हो. कळंबच्या मधल्या घराला उभा शब्द नाही हे मात्र मला पटलं नाही. दोन शब्द बसत असतील तर ते घर आडवं उभं दोन्हीकडून बांधलं पाहिजे, नाहीतर सोडवणाऱ्याला खात्री कशी होणार. ळं असलेला शब्द सापडणं कठीण आहे, मला माहीत आहे, पण मग कळंब दुसरीकडं टाकायचं, किंवा सूचनेतच तालुक्याचं गाव असं म्हणायचं.

धु आणि धू चं मी सांगू शकतो पण इथं एक गुरुजी आहेत ते जास्त बरोबर सांगतील.

मांजराकाठचा मास्तर (लातूर)

बोलावलंत म्हणून आलो. एकतीस वर्षं मराठी शिकवलं, तेव्हा हे माझ्या रोजच्या कामातलं.

अण्णांना सांगा, त्यांनी जुन्या पुस्तकात सिंधु ऱ्हस्व पाह्यलं हे खरं आहे, आणि कोडंही बरोबर आहे. मराठी साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनाचे नियम शासनानं १९६२ साली मान्य केले, त्याआधीची पुस्तकं संस्कृताप्रमाणे छापलेली असायची, कवि, हरि, गुरु, सिंधु. नव्या नियमात शब्दाच्या शेवटी येणारा इकार उकार दीर्घ लिहायचा ठरला, कवी, हरी, गुरू, आणि माणसांच्या आणि ग्रंथांच्या नावालाही तेच लागू केलं. म्हणून आजच्या लेखनात विवेकसिंधू, आणि कयाधू तर मुळातच दीर्घ, त्यामुळं दोघं एका घरात सुखानं बसतात. आणि, परंतु अशी काही अव्ययं तेवढी ऱ्हस्व राहिली.

आता याच नियमाची दुसरी बाजू तुमच्या मधल्या मोठ्या शब्दात आहे. मुक्ती एकटी असली की क्ती दीर्घ, पण समासात पहिल्या जागी आली आणि मूळ संस्कृतात ऱ्हस्व असली की ऱ्हस्वच राहते, मुक्तिसंग्राम. शक्ती पण शक्तिपीठ, कवी पण कविसंमेलन, गुरू पण गुरुदक्षिणा. आज गावात जेवढे फलक लागलेत त्यातले निम्मे तरी मुक्ती संग्राम असे तोडून दीर्घ लिहिलेले असतील. मला त्याचं वाईट वाटतं, कारण ज्या दिवसासाठी लोक तुरुंगात गेले, घरदार सोडून सरहद्दीवरच्या कॅम्पात राहिले, त्या दिवसाचं नाव तरी आपण नीट लिहावं. कोड्याच्या चौकटीत ते नीट आलंय हे वाचून बरं वाटलं.

विवेकसिंधूबद्दल अण्णांना माहीत असेलच पण लहान मंडळींसाठी लिहितो, शके १११० म्हणजे इसवी सन ११८८ चा ग्रंथ मानतात, ज्ञानेश्वरीच्या शंभर वर्षं आधीचा, आणि मुकुंदराजांची समाधी अंबाजोगाईला आहे, डोंगराच्या कडेला, दरीच्या तोंडाशी. पावसाळ्यात तिथं जाऊन यावं.

सेलूकर९८

मला एक कळत नाही, एवढं अडून बसायचं कशाला, मोबाइलवर हिंगोली नदी टाकलं की कयाधू येतं दोन सेकंदात. मी तसंच करतो, दहा मिनिटांत कोडं पूर्ण.

चौकटराजा

दादा तुमचं चूक नाही, नदीचं नाव माहीत नसेल तर बघावंच लागेल, आम्ही पण शब्दकोश उघडायचो. पण विषयाच्या कोड्यात एकदा प्रयत्न करून बघा. सूचना वाचून उत्तर येत नसेल तर ती सोडून द्या, आजूबाजूचे सोपे छोटे शब्द आधी भरा, पाण्याला नीर, कमळाला पद्म असले, ते भरतीचे शब्द कोडं करणाऱ्यानं तुमच्यासाठीच ठेवलेले असतात. मग नदीच्या तीन घरांत शेवटी धू आलेलं दिसेल, आणि मग तुमच्या शाळेत कधीतरी ऐकलेलं कयाधू आपोआप वर येईल. नरसी नामदेवला गेला असाल तर तिच्या काठावर उभे पण राहिला असाल. मोबाइलवर कयाधू सापडतं, पण ते आपल्याला आठवलं ही गोष्ट त्यात सापडत नाही.

आणि एक, घरं मोजायला विसरू नका. आता जिल्ह्यांची नावं बदललीत, धाराशिव चार घरं आणि उस्मानाबाद पाच घरं. कोडं केव्हाचं आहे आणि घरं किती आहेत यावरून कोणतं नाव टाकायचं ते कळतं. जुनी कोडी परत छापतात तेव्हा हे लई उपयोगी पडतं.

सेलूकर९८

बरं करून बघतो. माझ्या आईला पण दाखवतो, ती कोडं कापून ठेवते आणि दुपारी सोडवते, मी कधी तिच्याजवळ बसलो नाही. गुरुजी एक विचारू का, हे कोडं निघालं कुठून, आपलंच आहे का?

मांजराकाठचा मास्तर

शब्दांचे खेळ आपल्याकडं फार जुने, कोडी, उखाणे, भेंड्या, एकनाथांच्या भारुडातली कूटं. पण चौकटीतलं हे कोडं अमेरिकेतलं. आर्थर विन नावाचा मूळचा लिव्हरपूलचा माणूस न्यूयॉर्क वर्ल्ड या वर्तमानपत्रात काम करायचा, त्यानं २१ डिसेंबर १९१३ च्या रविवारच्या पुरवणीत पहिलं कोडं छापलं, आकार पतंगासारखा आणि मधे मोकळी जागा. तिथून ते जगभर गेलं आणि आपल्या भाषेत आलं तेव्हा अक्षरांची पद्धत आपली झाली, काना मात्रा वेलांटीसकट एक घर. मला वाटतं त्यामुळं मराठी कोडं सोडवणाऱ्याचं शुद्धलेखन आपोआप सुधारतं. वर्गात मी मुलांना ऱ्हस्व दीर्घाचा नियम पाठ करायला लावायचो तेव्हा राहायचा नाही, मग फळ्यावर पाच बाय पाचची चौकट आखली आणि कवी आणि कविता एकमेकांत अडकवून दाखवले, क-वी आणि क-वि-ता, दुसरं घर एक करून दाखवा म्हटलं. एक पोरगी फळ्यापाशी येऊन बराच वेळ खडू धरून उभी राहिली आणि मग म्हणाली सर हे होणारच नाही. त्या दिवशी अख्ख्या वर्गाला नियम कळला.

पैठणची लेक

मी उशिरा वाचलं. आमच्याकडं सासूबाई आणि मी मिळून सोडवतो, त्या चष्मा लावून पेन्सिलनं भरतात, पेननं भरू देत नाहीत. आम्हाला पण आज तेच अडलं होतं, वैद्यनाथ लिहून बसलो आणि जनाबाईला खोडलं, म्हणजे उलटंच केलं. जनाबाईच्या जागी काय काय शोधत बसलो, द्य नं सुरू होणारा शब्दच नाही. आता कळलं की ज्याच्याबद्दल शंका नाही तो शब्द धरून ठेवायचा आणि ज्याची दोन रूपं होतात ते सोडायचं. आणि आमच्या पैठणचं एकच आलंय, पदरावरचा पक्षी (२), मोर. नाथसागर नाही, एकनाथ नाही, एवढ्या मोठ्या गावाचं एका मोरावर भागवलं!

गोदाकाठची

झालं मंडळी, पूर्ण झालं! क्ति मधून खाली खरंच शक्तिपीठ होतं, चौकटराजा, सूचना होती माहूर किंवा तुळजापूर (४), आम्ही आधी देवस्थान लिहून नंतर खोडलं होतं.

गुरुजी तुमचं लिहिलेलं अण्णांना सगळं वाचून दाखवलं, दोनदा. पहिल्यांदा ऐकून काहीच बोलले नाहीत, मग म्हणाले, म्हणजे माझं पुस्तक जुनं आहे आणि कोडं नवं आहे, दोन्ही खरं. मग म्हणाले लिही धू, दीर्घ, मोठा काढ उकार म्हणजे नंतर मला वाचता येईल. कोडं करणाऱ्याची चूक काढली ते मागे घेतलं म्हणून सांग म्हणाले, म्हणून सांगायले. मुक्तिसंग्रामाचं वाचताना त्यांना त्यांचे वडील आठवले, ते त्या दिवसांची गोष्ट सांगायचे, निजामाच्या राजवटीत शाळेत उर्दूतून शिकावं लागायचं आणि घरी दिव्याखाली मराठी पुस्तक वाचायचे. अण्णा म्हणायलेत मला मराठी कोड्याचा एवढा नाद लागला तो तिथूनच लागला असेल.

पेपर घडी करून उशीखाली ठेवलाय. डोळा बरा झाला की स्वतः एकदा बघणार आहेत.

मांजराकाठचा मास्तर

अण्णांना माझा नमस्कार सांगा. त्यांच्यासाठी एक सूचना देतो, तुमच्याच जिल्ह्यातली. नदीही आणि गावही, नावाप्रमाणे काही कमी नसलेली (२).

गोदाकाठची

पूर्ण वाचून व्हायच्या आधीच पूर्णा म्हणाले, दोन पेरं, पू आणि र्णा. आणि तुम्हा सगळ्यांसाठी त्यांनी एक करून दिलीय, आयुष्यात पहिल्यांदाच स्वतः केलीय म्हणे: बाराच्या पुढचा, काना गळून पडलेला, गोरोबाकाकांचं गाव (२).

सेलूकर९८

मोबाइल बाजूला ठेवला. बाराच्या पुढं तेरा, काना काढला की तेर! धाराशिव जिल्ह्यातलं. बरोबर आहे का अण्णांना विचारा, आई पण थांबलीय उत्तरासाठी.

गोदाकाठची

बरोबर म्हणायलेत. आणि आईला विचार म्हणायलेत, त्यांच्याकडून एक येऊ द्या आता.